चांदरीचा चक्का

॥ श्री ॥

बेंबळी,
ता. ११ जानेवारी १९८७

चि. सौ. गजरास मथुरावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं कार्ड येऊन महिना झाला. त्यात तू कोंडीरामदाजींच्या गुडघ्यावर चार ओळी लिहिल्यास, पाटलांच्या लग्नावर सहा ओळी लिहिल्यास आणि चांदरीवर एकच, की म्हैस ठीक आहे. भादव्यात तिला ट्रकमध्ये चढवून तुमच्याकडं पाठवली ती इथं काडी नव्हती म्हणून. तुमच्याकडं बोरी नदीचं पाणी आहे, म्हणून काळजावर दगड ठेवला. ती गाभण होती. माझ्या हिशेबानं याच पंधरवड्यात विणार. तेव्हा ठीक आहे एवढ्यानं माझं भागत नाही. पोट उतरलं का, कास भरली का, रात्री बसते की उभी राहते, सगळं नीट लिही.

इथं टँकर दिवसाआड येतो. शेजारची कमलबाई रोज माझ्या घागरीपुढं आपली घागर सरकवते आणि वर म्हणते, तुमचं एकटीचं असं कितीसं लागतं. एकटीलाही तहान लागते, असं मी तिला सर्वांसमोर सांगितलं. तरी तिनं घागर मागं घेतली नाही.

एक बातमी आहे. गावात दूध संस्था निघाली. बिभीषण तिचा सचिव झालाय. ज्यांच्या दावणीला दुभतं जनावर आहे त्यांची नावं तो मृगाच्या आत सभासद म्हणून लिहिणार आहे. मी गेले तर म्हणाला, काकू, पुतण्याच्या नावावर टाकू का? मी म्हटलं, म्हैस माझी, धार मी काढणार, मग नाव पुतण्याचं कशाला? त्यानं शाईचा डबा अंगठ्यासाठी पुढं केला. मी त्याच्याच खिशातलं पेन काढून सही केली. दुकानाच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकलेली अक्षरं आहेत, जरा वाकडी आली. घर तुझ्या भावाच्या नावावर, शेत तुझ्या भावाच्या नावावर, रेशनचं कार्डसुद्धा अजून त्यांच्याच नावावर. मला कुठंतरी माझं नाव लिहिलेलं पाहायचंय. पाऊस पडला की चांदरी परत आणायची, हे ध्यानात ठेव.

दाजींना नमस्कार. उत्तराला महिना लावू नकोस.

तुझी,
मथुरावहिनी

*

॥ श्री ॥

नळदुर्ग,
ता. २४ जानेवारी १९८७

ती. गं. भा. मथुरावहिनींस गजराचा शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. तुम्ही बिभीषणाच्या खिशातलं पेन काढलं हे वाचून आमचे हे इतके हसले की गुडघा विसरले. ज्ञानूदादा असता तर गावभर सांगत फिरला असता.

आता गोड बातमी. चांदरी परवा व्याली. पारडी झाली. कपाळावर आईसारखाच चांद आहे. दोघी खुशाल आहेत, तुम्ही उगा जिवाला घोर लावून घेऊ नका.

आपले पिराजी कंडक्टर उद्या उस्मानाबादच्या गाडीवर आहेत. त्यांच्याबरोबर डबा देतेय, चक्का आहे. मीठ आणि लसूण घातलाय, भाकरीला लावून खा. गेल्या पाडव्यापासून तुम्ही नुसत्या मिरचीवर राहता असं कानावर आलं. जेवत जा वहिनी. दादा गेला म्हणून ताट कुणी बंद करत न्हाय. चव थोडी वेगळी लागली तर तो प्रवासाचा दोष, माझ्या हाताचा नव्हे.

इथं लई धावपळ आहे म्हणून थोडक्यात लिहिते. डबा रिकामा परत पाठवा, त्यात काही घालायची गरज न्हाय.

तुमची,
गजरा

*

॥ श्री ॥

बेंबळी,
ता. ६ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. गजरास आशीर्वाद. वि. वि. पारडी झाली हे वाचलं आणि चुलीपुढून उठून आधी बिभीषणाला सांगून आले. येताना तिचं नावही ठरवलं, शेवंता. तुझ्या भावाला शेवंतीचा फार सोस होता. तिला याच नावानं हाक मारत जा, म्हणजे इथं आली की ओळख देईल.

आता मनातलं लिहिते, राग मानू नकोस. म्हैस व्याली आणि मालकाच्या घरी चीक आला नाही, असं मी आजवर ऐकलं नाही. पहिला चीक देवापुढं, दुसरा मालकाकडं, ही रीत तुझ्या माहेरचीच आहे, मी नंतर शिकले. पिराजी तर दिवसाआड गाडी घेऊन येतात. वाटीभर खरवस पाठवायला काय झालं? मी वाट पाहिली.

चक्का खाल्ला. वाईट नव्हता. पण गजरा, मी वीस वर्षं म्हशीचं केलंय. म्हशीचा चक्का पांढराधोट असतो, तुझा किंचित पिवळट. बोटाला ओशट लागतो, पण तो ओशटपणा तुपाचा नव्हे, तेलाचा. मागून जिभेवर कडवट काहीतरी राहतं. वेगळी चव लागेल हे तू आधीच लिहिलं होतंस. न चाखता तुला कसं कळलं? आणि मांजरीपुढं थोडा ठेवला तर तिनं हुंगला आणि तोंड फिरवून निघून गेली. दुष्काळातली मांजर चक्का सोडून जाते, यावर मी दोन दिवस विचार केला.

तेव्हा विचारते त्याला उत्तर दे. धार कोण काढतं? किती निघते? लाथ मारते का? साय कोण खातं?

शेवटचं थट्टेनं लिहिलं असं समज, हवं तर.

मथुरावहिनी

*

॥ श्री ॥

नळदुर्ग,
ता. १७ फेब्रुवारी १९८७

ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि. आता माझ्या हातच्या चक्क्याची परीक्षा मांजर घेणार का? उद्या कमलबाईच्या कोंबड्यांनाही विचारा म्हणजे झालं. तुम्ही वाचायला शिकलात तेव्हा दादा म्हणाला होता, आता ही माझे खिसे वाचणार. ते आज पटलं.

चिकाचं म्हणाल तर सगळा पारडीनंच प्याला. अशक्त होती. साय कुणी खात न्हाय, आमच्या ह्यांना दूधच सोसत न्हाय. धार मीच काढते. गरीब जनावर आहे, लाथ कसली मारतंय. सकाळी चार लिटर, चारी सडांना सारखी धार. तुमच्या शेवंताला तुमचा निरोप सांगितला.

चक्का पुन्हा पाठवतेय. या वेळी कडवटपणा काढलाय, दोन पाण्यांनी जास्त धुतलं. पिवळट दिसतो तो चाऱ्यामुळं असावा.

तुम्ही मात्र इतक्यात इकडं यायचं मनात आणू नका. तुळजापूरला गाडी बदलावी लागते, स्टँडवर प्यायला पाणी न्हाय, ऊन वाढतंय. पाऊस पडला की मीच कळवीन.

तुमची,
गजरा

*

॥ श्री ॥

बेंबळी,
ता. ८ मार्च १९८७

सौ. गजरास मथुराबाईचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. चारी सडांना सारखी धार, असं तू लिहिलंस. चांदरीचं मागचं डावं सड तीन वर्षांपूर्वी बाभळीच्या काट्यानं फाटलं, तेव्हापासून ते मेलेलं आहे. त्यातून थेंब येत नाही. तुमच्याकडं आली तेव्हा ती आटलेली होती, म्हणून तुला ठाऊक नसेल. पण जी बाई दीड महिना तिची धार काढते तिला ते ठाऊक असायलाच हवं.

आणि चक्का धुतात कधीपासून?

मग मी गप्प बसले नाही. तुझा दुसरा चक्का पाण्यात कालवून रवीनं घुसळला. अर्धा तास घुसळला, हात भरून आले, लोण्याचा कण वर आला नाही. उरलेला कढईत घालून मंद कढवला. पिवळं तेल सुटलं. वाटीत काढून ठेवलं, पहाटेच्या गारठ्यातही ते थिजलं नाही. तूप थिजल्याशिवाय राहील का? चिमूटभर चक्का बाजूला राखला होता, तो घेऊन बिभीषणाकडं गेले. त्याच्याकडं फॅट बघायचं यंत्र आलंय, पण त्यात दूध लागतं. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, काकू, हे कुठल्याच जनावराचं नाही, साय काढून घेऊन भेसळीचं तुमच्या गळ्यात मारतायत. चार लोक बसले होते. मला मान वर करता आली नाही.

पिराजींनाही खोदून विचारलं. ते आधी विषय बदलत होते. शेवटी म्हणाले, डबा घ्यायला जातो तेव्हा गोठा झाडलेला असतो, शेणाचा पो सुद्धा दिसत नाही. म्हणजे चांदरी तुमच्या गोठ्यात नाही. ती दुसऱ्याच्या दावणीला आहे आणि तिचं दूध दुसऱ्याच्या नावानं कुठल्यातरी डेअरीला जातंय, असंच मी समजते. पारडीही तिकडंच असेल.

भाऊ गेला म्हणून त्याची म्हैस आपली झाली, असं तुम्ही दोघांनी ठरवलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी तुला नणंद म्हणून कधी वागवलं नाही, लेक म्हणून वागवलं. लेकीनं मागितली असती तर मी म्हैस दिलीही असती. न विचारता मात्र देणार नाही.

पाडव्यानंतरच्या शनिवारी, चार एप्रिलला मी येतेय. दावं बरोबर आणीन. रिकाम्या परतणाऱ्या ट्रकचं पिराजी बघतो म्हणालेत. दाजींना सांग, त्या दिवशी घरी राहा.

मथुराबाई ज्ञानोबा

*

॥ श्री ॥

नळदुर्ग,
ता. १९ मार्च १९८७

ती. गं. भा. वहिनींस गजराचा शिरसाष्टांग नमस्कार.

दावं आणू नका वहिनी. चांदरी न्हाय. दिवाळी झाल्यावर आठव्या दिवशी गेली.

तुमच्याकडून आली तेव्हा बरी होती. मग आमचाही कडबा संपला. मी तिला उसाचं वाळकं पाचट घालायची, ती तोंड लावायची आणि माझ्याकडं बघत राहायची. शेजारच्या वीरप्पाच्या रानात ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पाण्यावाचून करपली होती, नुसता मधल्या कोवळ्या पानांचा पोंगा हिरवा. ती कोवळी करपलेली ज्वारी जनावराला विष होते हे मला ठाऊक आहे. शेणामातीत वाढलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला तिची नजर बघवली न्हाय. वाटलं, पेंढीभर हिरवं खाल्ल्यानं काय होतंय, पोटातल्या जिवाला लागेल. मीच कापली, मीच घातली. आमचे हे बाजारातून आले तोवर ती आडवी झाली होती. गुळाचं पाणी पाजलं, डॉक्टरकडं माणूस धाडला. डॉक्टर येईपर्यंत राहिली न्हाय. पोटातलं रेडकूही गेलं.

हे म्हणाले, आजच्या आज वहिनींना कळव. मी त्यांना शपथ घातली. दादा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. तुम्ही पत्रात दादाबद्दल कधी लिहीत न्हाय, पण चांदरीबद्दल विचारता तेव्हा कुणाबद्दल विचारता ते मला कळतं. मला वाटलं, पावसाळ्यापर्यंत लोटू, तेवढ्यात तुम्ही जरा सावराल. मग तुम्ही सभासद व्हायचं लिहिलंत. मग मला खोटं वाढवत न्यावं लागलं. व्याली लिहिलं म्हणजे काहीतरी दुभतं पाठवायला हवं, आणि साऱ्या गल्लीत दूध म्हणून न्हाय.

वीरप्पाची आई सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करते त्यात करडईचं दूध घालते, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. तिच्याकडं जाऊन बसले. करडई भिजवायची, उखळात जरा फोडायची, पाट्यावर वाटायची, पाणी घालून धोतराच्या फडक्यातून तीनदा पिळायची. अगदी दुधासारखं पांढरं निघतं. पुढचं माझ्या डोक्यातलं. ते तापवून त्यात चिंचेचं पाणी सोडलं तर दूध नासावं तसं फाटलं. फडक्यात बांधून टांगलं, वर वरवंटा ठेवला, सकाळी चक्का झाला. टरफलाचा कडवटपणा तेवढा जाईना. म्हातारी मला म्हणाली, एवढी मेहनत कुणासाठी गं? मी म्हटलं, माझ्या वहिनीसाठी, तिला जेवण जात न्हाय. तेवढं एकच खरं बोलले.

तुम्ही मला चोर म्हणालात त्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. चोर म्हणवून घेणं मला सोपं गेलं असतं. तसंच राहू द्यावं असंही एकदा मनात आलं.

शेवंता हे नाव वाचलं त्या दिवसापासून मी नीट झोपले न्हाय.

तुमची म्हणू का नको, कळत न्हाय.
गजरा

ती. वहिनींस कोंडीरामचा नमस्कार. मी तेव्हाच कळवायला हवं होतं. शपथ घातली हे खरं, पण मला हात होते आणि पोस्ट हाकेवर होतं. दोष एकट्या गजराचा धरू नये.

*

॥ श्री ॥

बेंबळी,
ता. २७ मार्च १९८७

चि. सौ. गजरास मथुरावहिनीचे आशीर्वाद. वि. वि. पत्र मिळालं त्या दिवशी मी काही केलं नाही. टँकर आला, तेव्हा उठले नाही. कमलबाईनं आपणहून माझी घागर भरून दारात ठेवली आणि आत डोकावून गेली. कुणी गेलं का, असं तिनं विचारलं. व्हय म्हटलं. कोण ते तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बिभीषणाकडं गेले. नळदुर्गच्या माणसांवर मी जो आळ घेतला तो खोटा होता, असं त्या चार लोकांसमोर सांगितलं. तेच चौघं होते की नाही हे आधी पाहून घेतलं, एक कमी होता तर त्याला बोलावून आणायला लावलं. मग यादी मागितली आणि माझं नाव खोडलं. दुसऱ्यानं खोडण्यापेक्षा आपण खोडलेलं बरं. बिभीषण म्हणाला, काकू, राहू द्या, पुढच्या साली बघू. मी म्हटलं, दावण रिकामी आहे आणि कागदावर म्हैस, हे खोटं मला दोन महिने पुरलं.

माझा राग गेला असं समजू नकोस. म्हैस मेल्याचा राग नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही पेंढी कापली असती, तिची नजर मला ठाऊक आहे. राग याचा, की तू मला नसलेल्या पारडीचं नाव ठेवू दिलंस. घरात एकटी असताना मी तिच्याशी बोलायची, तुला कुठं माहीत आहे? तुम्ही सगळे मला जपायचं म्हणून माझ्यापासून एकेक गोष्ट झाकता. तुझा भाऊ दवाखान्यात होता तेव्हाही तेच केलं. उद्या सुटी मिळेल, असं मला तीन दिवस सांगत होते. मी त्या तीन दिवसांत घर सारवून ठेवलं. मला खरं सांगितलं असतं तर ते तीन दिवस मी त्यांच्या उशाशी बसले असते. म्हणून सांगते, यापुढं माझं वाईट माझ्यापासून लपवायचं नाही. मी वाचायला शिकले ती काय नुसती गोड पत्रं वाचायला?

आता दुसरं. तुझा तिसरा डबा पिराजींनी परवा आणून दिला, तू तुझ्या पत्राच्या आधीच पाठवलेला. मला आता सगळं ठाऊक होतं. तरी भाकरी केली आणि बसले. दीड भाकरी खाल्ली. कडवटपणा अजून आहे, पण कमी झालाय. खरं लिहायचं तर पहिल्या डब्यापासूनच माझं जेवण सुरू झालं होतं. तुझ्यावर संशय घेता घेता मी पोटभर जेवत होते, आणि ते तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हणजे लपवालपवी तू एकटीनंच केलीस असं नाही.

मीही करून पाहिला. माळ्यावर गेल्या सालची करडई होती. फडक्यातून पिळला तर सगळी कचकच राहिली आणि चिंच जास्त झाली. कमलबाईनं चाखून तोंड वाकडं केलं, पण वाटी चाटून परत दिली. तुझ्यासारखा मऊ होत नाही. पत्रावरून हे काम जमायचं नाही, फडकं कसं पिळायचं ते हातानंच शिकावं लागेल.

तेव्हा ठरल्याप्रमाणं चार एप्रिलला मी येतेच आहे. दावं आणत नाही, करडई आणते. पहिल्या दिवशी चांदरीला जिथं पुरलं ती जागा मला दाखव आणि मग माझ्याशी बोलू नकोस, मीही बोलणार नाही. दाजींनी मध्ये पडून समजूत घालू नये. मी रडले तर रडू दे, स्वयंपाक तू कर, जेवायला मात्र बोलाव. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आपण उखळापाशी बसू.

तुझी म्हणू का नको असं तू विचारलंस. म्हण. लोभ आहे, रागही आहे, दोन्ही घेऊन गाडीत बसते. तुळजापूरच्या स्टँडवर पाणी घेऊन दाजींना उभं कर.

तुझी,
मथुरावहिनी